धनेश मेस्त्रीचं कुलूप

धनेश मेस्त्रीला मी नववीत गणितात नापास केलं होतं. शंभरात एकतीस. पास व्हायला चार मार्क कमी पडत होते. त्याची आई शाळेत येऊन माझ्यापुढे डोळ्यांतून पाणी काढून गेली, तरी मी ते चार मार्क दिले नाहीत. फुकटचे मार्क माझ्याकडे मिळत नाहीत, असं वर तिला ऐकवलंही होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात फजिती माझीच आहे. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे, फजिती लपवण्याचं वय गेलं.

आम्ही दोघं एकाच चाळीत राहतो, लालबागच्या भिकाजी चाळीत. तळमजला आणि वर तीन माळे, प्रत्येक माळ्यावर बारा खोल्या. मी एकतीस नंबरात, तो चाळीस नंबरात. दहावी कशीबशी काढून त्याने आयटीआय केलं आणि लिफ्ट दुरुस्तीत लागला. परळला गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर उभे आहेत, त्यांच्या लिफ्ट अडकल्या की धनेशला फोन जातो. आजकालच्या लिफ्टला डोकं असतं म्हणे, कुठल्या मजल्यावर आधी थांबायचं ते ठरवणारं. त्या डोक्यातले बिघाड शोधता शोधता गड्याला प्रोग्रॅमचा नाद लागला. जुना लॅपटॉप घेतला आणि चाळिशी उलटल्यावर मोबाइलवरचे धडे बघून पायथन शिकला. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, एकतीस मार्कांवर?

चाळ पाडून टॉवर बांधायचा हे नक्की झालं, तेव्हा अख्खी चाळ कार्पेट एरियावरून एकमेकांच्या उरावर बसली होती. हा मात्र रोज कामावरून आला की लॅपटॉप मांडीवर घेऊन चाळीचा गेम बनवत बसायचा. गेम म्हणजे काय, तर पडद्यावर आपली चाळ. जिने, गॅलऱ्या, मोरीजवळचा फुटका कठडा, अठ्ठेचाळीस दारं. एक टोपीवाला माणूस बटणांनी चालवायचा, दारापाशी नेऊन बटण दाबलं की टकटक वाजते आणि दार उघडतं. आत मोदक मिळतात. शिवाय त्या खोलीतल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. धनेश घरोघर जाऊन माइकपुढे लोकांना बोलतं करत होता, तुमच्या खोलीबद्दल तीन मिनिटं बोला म्हणून. मीही बोलले. तीन मिनिटांतली दोन मी महापालिकेवर बोलले.

गणपतीत मंडळाच्या ऑफिसात तो गेम लावला आणि चाळ वेडी झाली. कोणाचे मोदक जास्त याची यादी भिंतीवर लागायची. आणि चौथ्या दिवशी बघावं तर विकास घाग पहिला, नऊ हजार नऊशे नव्याण्णव मोदक. विकास म्हणजे आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, बँकेत नोकरी, दोन मुलांचा बाप. एवढ्या थोर माणसाने गेमची फाइल उघडून आपल्या नावापुढे हाताने आकडा लिहिला होता. पकडल्यावर म्हणतो, मी फक्त सिस्टिममधली त्रुटी दाखवली. लाज नाही ती नाहीच.

धनेशला ते फार लागलं. मोदक गेले खड्ड्यात, पण त्याच फाइलींमध्ये लोकांचे आवाज होते आणि काहींनी घरातल्या आतल्या गोष्टी सांगितल्या होत्या. विकासने त्याही ऐकल्या असतील तर? म्हणून त्याने गेमला कुलूप घालायचं ठरवलं. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. फाइलीतल्या प्रत्येक अक्षराचा आकडा करायचा आणि ते आकडे अशा रीतीने घुसळायचे की किल्ली असेल त्यालाच परत सुटे करता येतील, बाकीच्यांना नुसता कचरा दिसेल.

पहिलं कुलूप त्याने घातलं ते पोरखेळ होतं. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवलं, क च्या जागी घ. विकासने चहा पिता पिता सोडवलं. दुसरं कुलूप मात्र खरोखरचं होतं, जगात बँका वापरतात तसलं, त्याने तयार आणून गेमला जोडलं होतं. तेही विकासने दुपारपर्यंत उघडलं. धनेश तोंड पाडून माझ्याकडे आला. मी म्हटलं, दाखव. तर काय, कुलपाची फाइल होती आणि तिच्या अगदी शेजारी दुसरी फाइल, नाव ‘किल्ली’.

मला हसू आवरेना. आमच्या चाळीत कोणी गावाला निघालं की कुलूप लावतो आणि किल्ली शेजारी देऊन जातो. माझ्या दाराआड खिळ्यावर आत्ता चार घरांच्या किल्ल्या लटकताहेत. धनेश जन्मापासून हेच बघत आलेला, त्याने कॉम्प्युटरमध्येही किल्ली शेजारी नेऊन ठेवली. मी म्हटलं, अरे शहाण्या, शेजारी विकास घाग असेल तर?

तो हसला नाही. गॅलरीच्या कठड्याला टेकला. मग म्हणाला की किल्ली कुठेच ठेवायची नाही असं काही करायला हवं. मी म्हटलं, कर बाबा. मला वाटलं, बोलाचीच कढी.

तीन आठवड्यांनी आला तो लॅपटॉप घेऊनच. म्हातारी माणसं पासवर्ड विसरतात, कागदावर लिहून देवाच्या फोटोमागे ठेवतात, मग कागदच हरवतो. पण माणूस आपली चाल विसरत नाही, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. तेव्हा त्याने चालण्याचीच किल्ली केली. ज्याला आपला आवाज कुलपात ठेवायचा असेल त्याने गेममधल्या माणसाला चाळीत फिरवायचं आणि मनाला येईल त्या क्रमाने दारं वाजवायची. कुठली दारं, किती, कशामागून कशी, ते फक्त त्याला ठाऊक. त्या क्रमातून कॉम्प्युटर किल्ली घडवतो, आवाज बंद करतो आणि किल्ली विसरून जातो. पुन्हा तीच दारं त्याच क्रमाने वाजवली की तीच किल्ली पुन्हा घडते. एक दार इकडचं तिकडे झालं की पडद्यावर फक्त येतं, ‘दार बंद आहे.’

मी विचारलं, समजा तो माणूस विसरला, तर तू कसं उघडणार?

“मी नाही उघडू शकत बाई,” तो म्हणाला. “मी उघडू शकलो तर ते कुलूप कसलं?”

मी गणित शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवली. तो गेल्यावर मी कागद घेऊन बसले. अठ्ठेचाळीस दारं. समजा बारा वेळा वाजवली, तर अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीसने गुणत बारा वेळा जायचं. पंधरावर एकोणीस शून्यं आली. धनेशने किल्ली घडवायला मुद्दाम एक सेकंद लागेल असं करून ठेवलं होतं, म्हणजे कोणी धडाधड प्रयत्न करू नयेत. मी सेकंदांची वर्षं केली. पावणेपाच लाख कोटी वर्षं. हे विश्व जन्माला येऊन झाली आहेत चौदाशे कोटीसुद्धा नाहीत. मी दोनदा ताळा करून पाहिला, उत्तर तेच. लालबागच्या चाळीस नंबरात, फुटक्या कोपऱ्याच्या लॅपटॉपवर, माझ्या नापास विद्यार्थ्याने असं दार केलं होतं की विश्वाचं आयुष्य संपेल पण ते धक्के मारून उघडणार नाही. मला खरंच भीती वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात डोळे सरावेपर्यंत वाटते तशी. कागद घडी करून मी पोथीत ठेवला, अजून तिथेच आहे.

त्या कुलपाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तात्या धुरी.

तात्या सत्तावीस नंबरात एकटे राहायचे. वय एक्क्याऐंशी. जन्म गेला गिरणीत, साचेखात्यात, कापड विणायच्या मागावर. बायको कालिंदी त्याच गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामावर होती, ती जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी सीमा, लग्न होऊन माहीमला. कालिंदी गेल्यावर तात्यांना एक सवय लागली होती. खालून दूध घेऊन आले की स्वतःच्या बंद दाराशी उभं राहून टकटक करायचे. थोडं थांबायचे. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडून आत जायचे. गॅलरीतले लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. म्हातारा चळला, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मार्चमध्ये एका रविवारी सीमा वडिलांना माहीमला घेऊन जायला म्हणून आली होती. दोघं बाजारातून वर आले, तात्यांनी दार वाजवलं आणि थांबले. सीमाच्या हातात दोन पिशव्या, ऊन, शिवाय गॅलरीत आम्ही बघे. तिचा तोल गेला.

“आई नाहीये आत, तात्या,” ती ओरडली. “मेली ती. कोण उघडणार आहे?”

तात्यांनी किल्ली काढली, दार उघडलं, आत गेले आणि माहीमला यायचं नाही म्हणाले. सीमा पिशव्या उंबऱ्यावर ठेवून तशीच परत गेली. दोघंही एका हाडाचे. नंतर ना तिने फोन केला, ना त्यांनी.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी धनेशला बोलावलं. मला कुलपातलं करायचंय म्हणाले. धनेशने माइक लावून दिला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. बोलणं झाल्यावर तात्यांनी हाक मारली, तेव्हा त्याने दारं कशी वाजवायची ते दाखवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला. मागे टकटक चालली होती. बराच वेळ चालली, म्हातारी बोटं. संपल्यावर तात्या एवढंच म्हणाले, “पहिली पाळी उठवून आलो.” धनेशने बजावलं की विसरलात तर मीसुद्धा काही करू शकणार नाही, बाईंच्या कानावर तरी घालून ठेवा. तर तात्यांचं उत्तर, बाई कशाला? सीमाला दे, ती उघडेल.

आठवड्याभराने तात्या गेले. दूध आणायला उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर सीमा खोली आवरायला आली. महिनाअखेर चाळ रिकामी करून द्यायची होती. भांडी बांधता बांधता तिने मला विचारलं. “बाई, तात्या माझ्यावर रागावून गेले का हो?” काय सांगणार? मी म्हटलं, बाप असा रागावतो होय. पण ते मी माझ्या मनाला पटेल असं म्हटलं नव्हतं आणि तिलाही ते कळलं. तेवढ्यात धनेश आला आणि त्याने तिला ती गोष्ट सांगितली. तात्यांचा आवाज आहे, तुझ्यासाठी ठेवलाय, तूच उघडशील म्हणाले होते, म्हणजे किल्ली तुझ्याकडेच असणार.

सीमा म्हणाली, माझ्याकडे कसली किल्ली? मला काही बोलले नाहीत ते. ती खाली बसली आणि रडायला लागली. मी धनेशवर उखडले. म्हटलं, झालं तुझं समाधान? एवढी हुशारी केलीस, आता बापाचा शेवटचा शब्द त्या पेटीत कुजणार, बाहेर काढता येतो का तुला? त्याचा चेहरा मला नववीच्या रिझल्टच्या दिवशी दिसला होता तसाच झाला होता. मग हळूच म्हणाला की तात्यांनी पहिली पाळी असं काहीतरी म्हटलं होतं.

पहिली पाळी. मी या चाळीत लग्न होऊन आले शहात्तर साली. त्या काळी चाळीतले निम्मे पुरुष गिरणीत. पाळी सुरू व्हायला गिरणीचा भोंगा व्हायचा, पण बदली कामगारांना भोंग्याच्या कितीतरी आधी गेटवर हजर राहावं लागे, नाहीतर त्या दिवसाचं काम दुसऱ्याला. दमलेली माणसं, घड्याळं कोणाकडे? मग तात्या पहाटे उठून पहिल्या पाळीची दारं वाजवत फिरायचे. हातात सुताची लाकडी बॉबिन असायची, तिने टकटक करायचे. ब्याऐंशीच्या संपानंतर ते बंद पडलं ते कायमचं. कोणाकोणाची दारं ते मला विचाराल तर ठाऊक नाही. आमचे हे कचेरीतले, आमचं दार त्या यादीत नव्हतं आणि मी तेव्हा डाराडूर झोपलेली असे.

ठाऊक असलंच तर सव्वीस नंबरच्या शांताकाकूला. तात्यांची शेजारीण, वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांनी आता काही दिसत नाही. आम्ही तिघं तिच्या खोलीत गेलो. मला काडीची आशा नव्हती. बेचाळीस वर्षांपूर्वीची टकटक कोणाच्या लक्षात राहते? मी विद्यार्थ्यांची नावं विसरते. सीमाने तिचा हात धरून विचारलं. शांताकाकू हसली.

“डोळे गेले गो चेडवा, कान नाय गेले. मी सांगतंय, तू लिवन घे.”

आणि सांगायला लागली. तिचा नवरा दुसऱ्या पाळीचा, तो झोपलेला असे, पण ती उठून भाकऱ्यांचं पीठ मळायची आणि तात्यांची टकटक खालून वर येताना ऐकायची. रोज, अकरा वर्षं. खाली तीन, पाच, नऊ. मग जिना. चौदा, पंधरा. मग बावीस. तिथे रामदास झोपायचा, तो पहिल्या हाकेला उठेल तर शपथ, म्हणून त्याला आधी ठोकून तात्या मागे फिरत आणि एकोणीस वाजवत. मग दुसरा माळा, तेहतीस, तीस. तेहतीसचं दार पोकळ होतं, त्याचा आवाज वेगळा. मग वर एकेचाळीस आणि शेवटी चव्वेचाळीस. म्हातारी डोळे मिटून बोटाने चौकटीवर वाजवून दाखवत होती, तेहतीसला खरोखर वेगळं वाजवत होती. धनेशच्या मशीनचं मला कौतुक वाटत होतं, पण या बाईच्या कानात ते सगळं चार दशकं तसंच्या तसं पडून होतं आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. मी तर शेजारी राहून तिला रोज ‘काय शांताकाकू, जेवलात का’ यापलीकडे काही विचारलं नाही.

लॅपटॉप सत्तावीस नंबरात मोकळ्या जमिनीवर ठेवला. कागदावर अकरा आकडे. धनेशने माणूस चालवला, एकेक दार वाजवलं. चव्वेचाळीसची टकटक झाली. एक सेकंद. ‘दार बंद आहे.’

पुन्हा केलं. ‘दार बंद आहे.’

मी तशीच परत शांताकाकूकडे गेले. म्हटलं, चव्वेचाळीसनंतर काही? ती म्हणाली की पुढचं तिला कधी ऐकूच आलं नाही, कारण चव्वेचाळीसची टकटक झाली की ती स्टो पेटवायची आणि स्टोच्या भरभरीत बाकी सगळं बुडायचं.

मी धावत आले. आता मात्र माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. म्हटलं, धनेश, ऐक. यादीतलं एखादंच दार कमी असेल, तर ते अठ्ठेचाळीसांतलं कुठलंही आणि बारा जागांपैकी कुठेही. पाचशे शहात्तर शक्यता. तुझ्या मशीनला सांग एकामागून एक लावून बघ म्हणून, दहा मिनिटांच्या आत उघडेल. धनेशने बटणांवर हात ठेवला आणि थांबला. म्हणाला, उघडेल, बाई. पण तात्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो मी कुलूप फोडणार नाही म्हणून. सीमा सांगेल तर करतो. सीमा नको म्हणाली तर तसंच राहू दे.

पन्नाशीला टेकलेला लिफ्टवाला, समोर रडणारी मुलगी, किल्ली हाताच्या अंतरावर. आणि हा परवानगी मागतोय. मी शाळेत नागरिकशास्त्रही शिकवायचे, पण असं उदाहरण मला कधी सापडलं नव्हतं.

सीमाने आमचं दोघांचं अर्धंही ऐकलं नव्हतं. ती दाराकडे बघत होती. तिथल्याच, सत्तावीस नंबरच्या दाराकडे, आतल्या बाजूने. मग म्हणाली, थांबा. ती दहा वर्षांची होती, गिरणी चालू होती तेव्हा. पहाटे ती गोधडीत असायची. आई पहिल्या पाळीलाच जायची, पण तात्या सगळ्या चाळीला उठवून झाल्यावर सर्वांत शेवटी आपल्या घरी यायचे, कालिंदीला तेवढाच पाव तास जास्त झोप मिळावी म्हणून. दाराला आतून कडी असायची. ते बॉबिनने टकटक करायचे. आई आतून विचारायची, कोण? तात्या बाहेरून म्हणायचे, भोंगा. आणि आई हसत कडी काढायची. रोज. सीमा हे सांगता सांगता थांबली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं, कारण मार्चमध्ये याच दाराशी उभी राहून ती काय ओरडली होती ते तिला आठवलं आणि आम्हालाही. मला माझं गॅलरीतलं हसणं आठवलं. तोंड कुठे लपवू असं झालं.

मग तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तीन, पाच, नऊ, चौदा, पंधरा, बावीस, एकोणीस, तेहतीस, तीस, एकेचाळीस, चव्वेचाळीस. टोपीवाला माणूस तिसऱ्या माळ्यावर उभा राहिला. तिने त्याला जिन्याकडे वळवलं, हळूहळू एक माळा खाली उतरवलं, गॅलरीतून चालवत आणलं आणि सत्तावीसच्या दारापुढे थांबवलं.

टकटक.

एक सेकंद जातो तरी किती. पडद्यावरचं दार उघडलं.

धनेश ताबडतोब उठला. हेडफोन तिच्या हातात दिला आणि दाराकडे निघाला. मी बसूनच होते. मला ऐकायचं होतं, काय लपवू, जीव नुसता कानात आला होता. त्याने उंबऱ्यातून मला हाक मारली, “बाई, चला.” आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याने मला वर्गाबाहेर काढलं आणि मी मुकाट्याने गेले.

आम्ही गॅलरीत आतल्या बाजूला पाठ करून उभे राहिलो. आत सगळं शांत. मग सीमाचा आवाज आला. कोणाला तरी उत्तर द्यावं तसा, स्पष्ट.

“भोंगा,” ती म्हणाली.

धनेशने कठडा घट्ट धरला. मी पदर तोंडाला लावला. चाळीतल्या कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली, खाली माल उतरवणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता आणि आम्ही दोघं रडत उभे होतो, एकमेकांकडे न बघता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. सगळं नाही सांगितलं तिने, सांगूही नये. पण सुरुवातीचं सांगितलं. दार उघडल्यावर तात्यांनी आतून विचारलं होतं, कोण? मग ते बराच वेळ गप्प होते, तिच्या उत्तरासाठी जागा सोडून. आणि मग म्हणाले, “सीमा ना? आपलं दार वाजवलंस म्हणजे तुला कळलं. मग राग कसला, बाळा? जेवलीस का?”

जेवलीस का. एवढ्यासाठी पंधरावर एकोणीस शून्यं राखणीला बसली होती. आणि ज्याला ते दार वाजवायचं सुचेल त्याला राग नाही हे आधीच कळलेलं असणार, हे त्या चौथी शिकलेल्या साचेवाल्याने बरोबर ओळखलं होतं. मी इतकी वर्षं गणितं घातली, पण उत्तर सापडायच्या आधी माणूस शहाणा व्हावाच लागेल असं गणित मला कधी घालता आलं नाही.

मी धनेशला म्हटलं, ते चार मार्क. त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाला, राहू दे बाई, तेव्हा मला खरंच येत नव्हतं.

जाताना सीमाने एकच मागितलं. तात्यांचा आवाज परत कुलपात ठेवायचा, पण आता किल्ली तिची, तिच्या मुलीसाठी. धनेशने लॅपटॉप पुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मीही त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी, आणि भिंतीकडे तोंड केलं. मागे टकटक सुरू झाली. मी मोजली नाही.